हाय, नाय, गेली

फोन उचलल्यावर हॅलो म्हणायचं असतं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं असं नाही. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून शिकवलं होतं, तेही दोनदा. पण बोर्डावरचा दिवा लागला, प्लग आत गेला की हा माणूस म्हणायचा, "हाय." म्हणजे आहे. मी इथे आहे, तुम्ही बोला. मुंबईच्या हेड ऑफिसातल्या लोकांचा गैरसमज व्हायचा. बोईसरसारख्या ठिकाणी इतका फॅशनेबल ऑपरेटर कुठून आला, असं त्यांना वाटायचं. तिथली एक बाई एकदा लाडात येऊन त्याला उलट "हाय" म्हणाली, तर हा म्हणाला, "तुमी हाय ते समजलं. पन कोन हाय?"

हा किस्सा ऐकून लोक हसतात. मीही तो रंगवून सांगते. पण माझं हसणं तिथेच संपतं. या माणसाचा मला राग आहे. मधे लग्न झालं, मुलं झाली, केस पिकले, आणि त्या रागातला कणभरही मी कमी होऊ दिलेला नाही. नवरा म्हणतो, सोड आता. त्याला काय जातंय सोड म्हणायला.

मी तेव्हा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका औषधाच्या कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होते. प्रत्येक कारखान्याच्या गेटजवळ एक खोली असायची, खोलीत बोर्ड, आणि बोर्डासमोर आमच्यासारखं एखादं माणूस. बाहेरून फोन आला की दोरीचा प्लग उचलून साहेबांच्या नंबराला लावायचा. दिवसभर दुसऱ्यांची बोलणी जोडायची आणि आपण गप्प राहायचं, या कामाचा आम्हाला पगार मिळायचा. दुपारी साहेब लोक जेवून सुस्तावले की बोर्ड शांत व्हायचे, आणि मग आम्ही ऑपरेटर एकमेकांना फोन करायचो. हे सगळ्याच कारखान्यांत चालायचं. पण ते दोघादोघांत. चौघांना एकदम बोलता येईल अशी एक लाकडी पेटी या माणसाने आपल्या कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनकडून करून घेतली होती. ती त्याच्या बोर्डाला जोडलेली असायची. त्याच्या घरी माहीमला पानवेलीची वाडी होती. मुंबईचं माहीम नव्हे, आमच्या केळव्याजवळचं. त्या इलेक्ट्रिशियनला त्याने पानं खिलवून खिलवून वश केलं असणार.

पेटी त्याची, म्हणून राज्य त्याचं. पहिला कायदा असा की लाइनवर कुणी नाव घ्यायचं नाही. "कंपनीचं नाव घेतलं तर नोकरी जाईल. बाईमानसाचं नाव घेतलं तर उगाच बोभाटा. गावाचं नाव घ्या, गाव कुठं जात नाय." म्हणून तो माहीम. मी रोज पालघरहून यायचे, म्हणून मी पालघर. तारांच्या कारखान्यात एक चार पोरांचा बाप होता, तो वाणगाव. त्याची मिरचीची शेती होती आणि विनोद सांगितला की तो जरा उशिरा हसायचा. सगळ्यांचं हसून झालं, पुढचा विषय निघाला, की मधेच त्याचं हसू यायचं. आणि चौथी घिवली.

घिवलीबद्दल मी सावकाश सांगेन. तिच्याबद्दल घाईत सांगितलेलं मला आवडत नाही.

दुपारी पेटी जोडली की माहीम आधी हजेरी घ्यायचा. शाळामास्तरासारखा. "वाणगाव?" "हाय." "पालघर?" "हाय." मी पहिल्या दिवशी "आहे" म्हणाले, तर त्याने पुन्हा विचारलं, "पालघर?" मी पुन्हा "आहे" म्हणाले. तो विचारतच राहिला. शेवटी मी चिडून "हाय" म्हणाले तेव्हा तो पुढे सरकला. कुणी साहेबांच्या कामात अडकलं असेल तर दुसऱ्याने "नाय" म्हणायचं. आणि कुणाची टेलिफोनची लाइनच बंद पडली असेल तर म्हणायचं, "गेली." पावसाळ्यात लाइनी सारख्या जायच्या. वाणगाव गेली, घिवली गेली, असं आठवडा आठवडा चालायचं. मग एखाद्या दुपारी अचानक "हाय" ऐकू यायचं आणि आम्ही सगळे ओरडायचो. हाय, नाय, गेली. या तीन शब्दांवर आमचा संसार चालला होता.

दुसरा कायदा ताज्या बातमीचा. प्रत्येकाने रोज एक बातमी आणायची. कुणाच्या शेजारणीने काय केलं, कुठल्या कारखान्यात रेकॉर्डच्या खोलीत साप निघाला, बाजारात वांगी कशी आहेत, काहीही चालेल. पण बातमी सांगून झाली की तो विचारायचा, "डोल्यानं बगितलंस की कानानं?" कानाने म्हटलं की बातमी रद्द. आणि कुणी खोटं बोलल्याचं त्याला कळलं तर तो त्या माणसाचा प्लग काढून ठेवायचा. वाणगावने एकदा, आपल्याकडे हाताएवढी मिरची लागली, अशी थाप मारली. त्याला दोन दिवस बाहेर बसवलं. चार पोरांचा बाप, पण माझ्याकडे फोन करून काकुळतीला आला, "जरा सांग ना त्याला."

मला तेव्हा हे सगळं गोड वाटायचं, हे खरं आहे. आता वाटतं, कोण हा लागून गेला होता? एका लाकडी पेटीवर माणसांना आत घेणारा आणि बाहेर काढणारा.

तिसरा कायदा सगळ्यात वाईट. भेटायचं नाही. एकाच वसाहतीत आमचे कारखाने. माझ्या खिडकीतून वाणगावच्या कारखान्याची चिमणी दिसायची. पण भेटायचं नाही. "तोंड बगितलं की मानूस तोंडाकडं बगून बोलतो. मग आमच्यासारक्याचं काय ऱ्हात नाय." हे तो एकदाच म्हणाला होता, आणि पुन्हा विचारलं तर पान तोंडात भरून बसायचा. तोंडात पान असलं की त्याला काही विचारण्यात अर्थ नसायचा.

आता घिवली.

ती मांगेल्यांची पोर, बाप मच्छीमार. घिवलीहून एसटीने यायची. तिचा आवाज जरा घोगरा होता आणि ती कुणाचीही भीडभाड ठेवायची नाही. माहीमला "मेल्या" म्हणायची हिंमत फक्त तिची. "अरे मेल्या, तुजी हजेरी कोन घेतो?" असं तिने एकदा विचारलं होतं. मग तिनेच विचारलं, "माहीम?" आणि तो पोरासारखा म्हणाला, "हाय." तेव्हापासून हजेरीच्या शेवटी घिवली माहीमची हजेरी घ्यायची.

तिच्या बातम्या आमच्या सगळ्यांच्या बातम्यांवर मात करायच्या. एकदा म्हणाली, "काल आमच्या जाल्यात खुरची गावली."

"डोल्यानं की कानानं?"

"बुडानं. बसले ना मी तिच्यावर. चारी पाय शाबूत. बापानं धुतली, आनि त्याच्यावर बसून जेवला. आय म्हनते आता तू साहेब झालास, उद्यापासून मासे मारायला नको जाऊ."

वाणगावचं हसू त्या दिवशी अर्ध्या तासाने आलं.

मला बहीण नाही. घिवलीशी मी जे बोलायचे ते दुसऱ्या कुणाशी बोलले नाही. पेटी बंद झाल्यावरही आम्ही दोघी परत एकमेकींना फोन लावायचो. तिला एकच गोष्ट पाहिजे होती, आणि ती तिने मला, वाणगावला, माहीमला, सगळ्यांना मागितली. "एक डाव भेटू या गो. घिवलीला या सगली. बोंबील सुकत घातलेत, घरी जेवा, त्या खुरचीवर बसा. एक डाव तोंड बगू, मग काय म्हननं नाय माजं."

शेवटी मी, ती आणि वाणगाव अशा आम्ही तिघांनी ठरवलं, रविवारी बोईसरच्या बाजारात भेटायचं. मी काय नेसणार तेही तिला सांगितलं होतं. माहीमला कसं कळलं कोण जाणे, वाणगावच्या पोटात काही राहायचं नाही. शनिवारी हजेरी झाल्यावर तो शांतपणे म्हणाला, "ज्याला भेटायचं त्यानं भेटा. सोमवारपासून पेटी बंद." आणि पान तोंडात टाकलं.

आम्ही गेलो नाही. सोमवारी पेटी चालू होती. घिवली त्याला म्हणाली, "मेल्या, तू मरशील तवा तरी तोंड दाखवशील का?" तो हसला. मला अजून ते हसणं कानात बोचतं.

त्यानंतरच्या पावसाळ्यात एका दुपारी घिवलीने हजेरीला "हाय, पन जरा ताप हाय" म्हटलं. म्हणाली, डोळे पिवळे झालेत, आय म्हणते हळदीच्या पोरीसारखी दिसतेस. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. माझ्याकडे त्या दिवशी एक बातमी होती, जी मला आधी तिलाच सांगायची होती. माझं लग्न ठरलं होतं. मी ती बातमी पेटीवर सांगितली नाही. म्हटलं, घिवली येऊ दे.

मधे दोन-चार दिवस हजेरीला "नाय" आलं. मग एका दुपारी माहीमने हजेरी घेतली. "वाणगाव?" "हाय." "पालघर?" "हाय." "घिवली?" आणि जरा थांबून त्यानेच सांगितलं, "गेली."

बाहेर धो धो पाऊस. तिच्या कारखान्याची लाइन पावसात पहिल्यांदा जायची, हे सगळ्यांना ठाऊक. मी म्हणाले, "झालं, आता आठवडा गेला." वाणगाव म्हणाला, "त्या लाइनमनला कुनीतरी घिवलीचं बोंबील खायला घाला, तवा काम करंल." आम्ही दोघं हसलो. माहीम हसला नाही, पण त्याच्या तोंडात पान असेल असं वाटलं.

रोज हेच. "घिवली?" "गेली." मी तिच्या नंबरावर फोन लावून पाहिला. इकडे घंटी वाजल्यासारखी ऐकू यायची, तिकडून कुणी उचलायचं नाही. लाइन गेली की असंच व्हायचं; तिच्या जागी अजून कुणाला बसवलेलंच नाही, हे मला तेव्हा कुठे माहीत होतं. आमच्याकडे बातम्या साचायला लागल्या. वाणगावच्या म्हशीने साहेबाची पिशवी खाल्ली. आमच्या गेटवरच्या पहारेकऱ्याला चोराने झोपेतून उठवून वेळ विचारली. अशी एखादी भारी बातमी आली की मी म्हणायचे, "ही घिवलीला सांगायची बरं का." आणि माहीम म्हणायचा, "ठेव. तिच्यासाठी ठेव." शिळी बातमी चालवून न घेणारा हा माणूस, तो आम्हाला बातम्या ठेवायला सांगत होता. मला त्याचं प्रेम वाटलं, माणूस विरघळला असं वाटलं. काय मूर्खपणा.

लग्नाची तारीख जवळ आली. मी ठरवलं, कायदा गेला खड्ड्यात. पेटी बंद झाली तर झाली. सुट्टी घेऊन, पत्रिका घेऊन, मी घिवलीला गेले. तिचं खरं नाव मला माहीत होतं, ते विचारत विचारत घर सापडलं. ओट्यावर तिची आई जाळं निवडत बसली होती. तिच्या शेजारी एक लाकडी खुर्ची होती, रिकामी.

मी माझी ओळख सांगितली. म्हणाले, मी फोनवरची पालघर. तिने माझ्याकडे पाहिलं आणि जाळं खाली ठेवलं.

"बाय, तू आता आली?"

मला कळेना. मी म्हणाले, "लाइन बंद होती ना, म्हणून."

"कसली लाइन? पोर गेली माजी. काविल झाली, उतरलीच नाय. तुमचा तो माहीमचा मानूस आलता की. त्यानं नाय सांगितलं?"

मी तिथेच ओल्या ओट्यावर बसले. ती सांगत होती. घिवलीच्या भावाने तिच्या कारखान्यात जाऊन तिथून माहीमला फोन केला होता, घिवलीनेच तो नंबर घरी सांगून ठेवला होता. तो भर दुपारी काम सोडून आला. कुणाशी बोलला नाही. तिला बाहेर काढेपर्यंत तिच्या उशाशी बसला, समुद्रापर्यंत गेला. "जाताना मना म्हनाला, हिचा आवाज रोज ऐकला, तोंड आज बगितलं." आई पदराने डोळे पुसत होती. "तुमा सगल्यांना बोलावनार होती गो ती. खुरची पन ठेवलीय."

मी पत्रिका दिली नाही. पिशवीतून काढलीच नाही. मिळेल ती एसटी धरून बोईसरला आले आणि थेट माहीमच्या कारखान्याच्या गेटवर गेले. पहारेकरी म्हणाला, "ऑपरेटर से मिलना है? उससे मिलने तो आज तक कोई आया नहीं, मैडम." मी म्हणाले, आज आलंय कुणीतरी.

खोलीबाहेर चपला काढून ठेवलेल्या. आत खुर्चीवर मांडी घालून एक लहानसा माणूस बसला होता. आवाजावरून मला तो उंच, धिप्पाड वाटायचा. चष्म्याला दोरा बांधलेला. बोर्डाच्या कडेला ओल्या फडक्यात पानं, आणि त्याच्या शेजारी ती पेटी. आगपेट्यांच्या खोक्याएवढी असेल. एवढ्याशा वस्तूला आम्ही घाबरत होतो.

मी दारात उभी राहून म्हणाले, "हाय."

त्याने वळून पाहिलं नाही. बोर्डाकडे बघतच म्हणाला, "पालघर."

"लाइन गेली, नाही का, घिवलीची?"

मी आत गेले. चपला घालूनच गेले.

"मी तिच्या घरून येतेय. तिच्या आईने मला विचारलं, तू आता आलीस? काय सांगायचं होतं मी तिला? की आम्ही रोज दुपारी हसत होतो?"

"मी खोटं नाय बोललो," तो म्हणाला. "गेली म्हटलं. गेलीच हाय ती."

मी म्हणाले, "मेली म्हणा."

"तो शब्द या पेटीवर नाय चालायचा."

"का नाही चालायचा?"

तो बराच वेळ प्लगाच्या दोऱ्या सरळ करत बसला. मग बोर्डालाच सांगितल्यासारखा बोलायला लागला. "तुमी तिच्यासाठी बातम्या ठेवत व्हता. घिवली आली की सांगू म्हनत व्हता. तवर ती व्हती ना. तुमाला कललं असतं तर त्याच दिशी संपली असती. मना वाटलं, चार दिस अजून ऱ्हाऊ दे. दोगांच्यात तरी ऱ्हाऊ दे."

आजही लोक मला म्हणतात, किती हळवा माणूस होता गं. मी त्यांना सांगते, तुम्ही तिच्या आईच्या ओट्यावर बसला नव्हता. त्याच्या हळवेपणासाठी त्याने आमच्या तोंडून हसू काढून घेतलं, एका मेलेल्या पोरीच्या नावावर. आम्हाला विचारलं नाही. आमचं रडणं आमचं होतं, ते त्याने स्वतःकडे ठेवून घेतलं.

मी म्हणाले, "तिला एवढंच पाहिजे होतं. एकदा तोंड बघायचं. आम्हाला तुम्ही जाऊ दिलं नाहीत. पेटी बंद करीन म्हणालात."

"मी भेटलो ना तिला," तो म्हणाला.

"ती नाही भेटली तुम्हाला."

त्यावर त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले होते त्याचे. मला दया आली नाही, आणि न आल्याचं वाईटही वाटलं नाही. मी तिथून निघाले आणि स्टेशनवरच्या फोनवरून वाणगावला सगळं सांगितलं. तो नुसता "बरं, बरं" म्हणत राहिला. रडला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या बोर्डावर दिवा लागला. मी हेडफोन लावला. मला बघायचं होतं, त्याची हिंमत कुठवर जाते.

"वाणगाव?" "हाय," वाणगाव म्हणाला. लाज नव्हती त्यालाही.

"पालघर?"

मी गप्प बसले. दोघांचा श्वास मला ऐकू येत होता, माझाही त्यांना येत असणार.

"पालघर?" त्याने पुन्हा विचारलं. पहिल्या दिवशीसारखा तो विचारत राहील असं मला वाटलं. पण तिसऱ्यांदा त्याने विचारलं नाही. जरा थांबून म्हणाला, "गेली."

चांगली जिवंत बसले होते मी, हेडफोन कानाला लावून. मी प्लग उपटला आणि पुन्हा कधी त्या पेटीवर गेले नाही.

लग्न झालं. मी नोकरी सोडली नाही, पण दुपारी त्या दिव्याकडे पाठ करून डबा खायला लागले. पुढे बोर्ड बदलायचे दिवस आले. दोऱ्यांचे प्लग जाऊन बटणांची यंत्रं आली, साहेब लोक थेट नंबर फिरवायला लागले, आणि एकेका कारखान्यातून ऑपरेटरची खोलीच उठली. माझीही उठली. मला स्टोअरमध्ये बसवलं.

एका रविवारी दारात एक टक्कल पडलेला माणूस उभा. हातात हिरव्या मिरच्यांची पिशवी. म्हणाला, "वाणगाव." इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याचं तोंड पाहिलं. सांगितल्याशिवाय मी त्याला रस्त्यात ओळखलं नसतं. चहा झाला, पोरांची चौकशी झाली. मग चुळबुळ करत तो म्हणाला, "उद्या त्याचा बोर्ड काढतात. उद्या शेवटची हजेरी हाय."

"घेतो अजून? तू एकटाच ना आता?"

"रोज घेतो. मी हाय म्हनतो. मग घिवली इचारतो आनि सोताच गेली म्हनतो. मग पालघर इचारतो."

"आणि मला पण गेली म्हणतो."

"नाय," वाणगाव म्हणाला. "ते त्या एकाच दिशी. तवापासून तुजं नाव घेतो आनि थांबतो. काय म्हनत नाय. नुसता थांबतो, मग पेटी बंद करतो."

मी म्हणाले, थांबू दे. मिरच्या घेतल्या आणि त्याला बसपर्यंत सोडून आले.

सोमवारी दुपारी मी स्टोअरमधला फोन उचलला. त्याचा नंबर बोटांना पाठ होता. मला त्याला काय काय बोलायचं होतं, त्याची मी रात्रभर तयारी केली होती.

"हाय," तो म्हणाला. आवाज म्हातारा झाला होता.

मी काही बोलले नाही. त्याने नुसत्या श्वासावर ओळखलं. "पालघर," तो म्हणाला. "थांब. जोडतो." पेटीचा खटका ऐकू आला.

"हजेरी घ्या," मी म्हणाले.

"वाणगाव?"

"हाय."

"घिवली?" आणि त्याच्या सवयीने तो म्हणायला लागला, "गे..."

"नीट सांगा," मी म्हणाले. "लाइन गेली का तिची?"

मी फोन ठेवला नाही. तो सांगेपर्यंत ठेवणार नव्हते. माझ्यामागे स्टोअरचा माणूस पावती घेऊन उभा होता, त्याला मी हाताने थांबवलं.

"नाय," माहीम म्हणाला. "लाइन नाय गेली. मेली. घिवली मेली. काविल झाली व्हती. मी गेलो व्हतो, तुमाला नेलं नाय. ती तुमची वाट बगत व्हती."

लाइनवर कुणीतरी रडायला लागलं. वाणगाव. इतक्या वर्षांनी. त्याचं सगळंच उशिरा यायचं.

त्याचं रडणं ओसरेपर्यंत आम्ही दोघं थांबलो. मग माहीमने विचारलं, "पालघर?"

"हाय," मी म्हणाले.

घिवली असती तर आता त्याची हजेरी घेतली असती. मी घेतली नाही. ते तिचं काम होतं.

"राग गेला?" त्याने विचारलं.

"नाय," मी म्हणाले. "हाय."

"मग ठेव," तो म्हणाला.

फोन मी ठेवला. रागही ठेवलाय.